वीज गेली म्हणजे ग्रिड हॅक झालं नाही

वसई-विरारमध्ये वीज जरा जास्त वेळ गेली, की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहितंच, 'ग्रिड हॅक झालंय.' मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, 'पाकिस्तानच्या सायबर हल्ल्याने भारताची ७० टक्के वीजयंत्रणा बंद' असा दावा फिरला. केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने तो खोटा ठरवला, तरी लोक तो पुढे पाठवतच राहिले.

गैरसमज : शत्रूने दुरून कळ दाबली की देश अंधारात.

यासाठी दाखला दिला जातो १२ ऑक्टोबर २०२०चा. त्या सकाळी मुंबई महानगराची वीज गेली, लोकल थांबल्या. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकी कंपनीने अहवाल दिला, की 'रेडएको' या चिनी गटाने भारताच्या वीजक्षेत्राला लक्ष्य केलं आहे. मात्र मुंबईच्या घटनेशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही त्यांनीच नोंदवलं. राज्याच्या सायबर विभागाने घातपाताची शक्यता वर्तवली. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मानवी चूक हे कारण सांगितलं. जिथे राज्य आणि केंद्र यांचं एकमत नाही, तिथे आपण छातीठोकपणे 'पुरावा' कसला देतो?

सायबर हल्ल्याने वीज जाऊ शकते, हे खरंच. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास ग्राहकांची वीज गेली. पण त्यासाठी हल्लेखोर फसव्या ईमेलमधून कित्येक महिने आधी आत शिरले होते. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर जाऊन हाताने ब्रेकर चालू केले आणि काही तासांत वीज परत आली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं, त्याच्या तासभर आधी 'वायासॅट' या कंपनीच्या उपग्रह इंटरनेटचे मोडेम बंद पाडले गेले. माहिती तंत्रज्ञान तोफेची जागा घेत नाही. तोफ डागली जाताना समोरच्याचा संपर्क तोडतं, त्याला गोंधळात टाकतं. गोंधळ उडवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे अफवा, आणि ती पसरवायला शत्रूला आपलेच फोन पुरतात.

आणखी काही गैरसमज : 'आपल्या नगरपालिकेकडे कोण बघतो?' महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर विभागाच्या मे २०२५च्या माहितीनुसार कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर हल्लेखोरांनी आपला मजकूर झळकवला होता.

'लाखो हल्ले झाले म्हणजे सगळं फुटलं.' त्याच माहितीत सुमारे १५ लाख हल्ल्यांपैकी १५० यशस्वी झाल्याची नोंद आहे.

'आता सायरन, ब्लॅकआउट कालबाह्य.' सायरन आणि ब्लॅकआउटच्या ७ मे २०२५च्या नागरी संरक्षण सरावाच्या यादीत वसई-विरारच्याच जिल्ह्यातलं तारापूर होतं.

वीज गेली तर १९१२ वर महावितरणकडे तक्रार नोंदवा. हॅकिंगचा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला आधी विचारा, 'हे कुणी सांगितलं, कधी सांगितलं?' उत्तर मिळेपर्यंत तो पुढे पाठवू नका. युद्धाच्या दिवसांत एवढी शिस्त पाळणं हेही नागरी संरक्षणच आहे.