अपुऱ्या दिवसांचे मूल



मी डॉक्टर नाही. कामगार संघटनेचे काम करणारा माणूस आहे. शाळा लौकर सुटली. पुढे जे वाचले ते नगरवाचनालयाच्या बाकावर बसून. तरीही आजचा विषय मी मागून घेतला, कारण त्यात प्रश्न कोणी विचारायचा आणि मोजदाद कोणी करायची, हा आमच्या धंद्यातला जुनाच वाद आहे.

गर्भाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे मूल. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली, म्हणजे दहांत एक. त्यांतली सुमारे ३० लाख भारतात. सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे घरोघर सांगतात. ती खरी नाही. पोटात काढलेला एकेक आठवडा मुलाच्या जमेलाच पडतो. मात्र मूल कुठे जन्मले यालाही तेवढेच महत्त्व आहे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली मुले गरीब देशांत पहिल्या काही दिवसांतच दहांतली नऊहून अधिक जातात. श्रीमंत देशांत दहांतले एकही जात नाही.

हे ऐकल्यावर कोणीही म्हणेल की तिकडचे औषध इकडे आणा म्हणजे झाले. तसे आणून पाहिले आहे. त्याची हकीकत जरा विस्ताराने सांगतो.

अशा मुलाचे पहिले संकट श्वासाचे. फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे मिटू नयेत म्हणून आतून एक साबणासारखा स्राव लागतो, आणि तो शेवटच्या आठवड्यांत पुरेसा होतो. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली दाखवून दिले की प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइडची सुई दिली तर मुलाचे फुप्फुस लौकर तयार होते. श्रीमंत देशांच्या इस्पितळांत ही सुई रुळली. औषध स्वस्त, टोचायला सोपे. मग खेडोपाडी का देऊ नये?

अर्जेंटिनातल्या संशोधकांच्या पुढाकाराने सहा देशांत हे पडताळले गेले. त्यांत भारतातले बेळगाव आणि आपले नागपूरही होते. सुमारे १ लाख बाळंतपणांची नोंद झाली. २०१५ साली छापलेला निष्कर्ष असा, की जिथे सुईचा प्रसार केला तिथे २८ दिवसांच्या आत दगावणारी मुले हजारी २३.९ ऐवजी २७.४ झाली! आयांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही वाढलेला आढळला. नेमके कारण काय यावर अजून एकमत नाही. पण परिस्थिती कशी होती ते पाहा. दिवसांचा हिशेब पक्का नसे, तेव्हा पोटाला फीत लावून अंदाज बांधावा लागे. सुई मिळालेल्यांपैकी बहुतेक बायकांची मुले लहान निघालीच नाहीत. आणि जी निघाली त्यांच्यासाठी ऊब, श्वासाची मदत, जंतूंपासून बचाव यांची सोय तोकडी होती.

मग बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तान यांतल्या २९ इस्पितळांत फिरून पडताळा घेतला गेला. या वेळी गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवले आणि नवजात मुलांची बरी व्यवस्था असलेलीच इस्पितळे निवडली. २०२० साली उत्तर आले : मृत्यू शेकडा २३.५ वरून १९.६ वर. औषध तेच. कारखान्यात परदेशी यंत्र येते ते तिथली वीज, तिथला सुटा भाग आणि तिथला फिटर गृहीत धरून येते, हे इथे बसलेल्या कामगार बंधूंना समजावून सांगायला नको.

याच्या उलटही घडते. कोलंबियात बोगोटा येथील सरकारी प्रसूतिगृहात काचेच्या पेट्या अपुऱ्या, एकेका पेटीत दोन-दोन मुले, संसर्गाला ऊत. १९७८-७९ साली डॉ. रे आणि डॉ. मार्तिनेझ यांनी ते कोवळे मूल आईच्या उघड्या छातीशी बांधले आणि अंगावरच्या दुधावर ठेवले. सुरुवातीच्या दाव्यांवर बाहेरच्यांनी शंका घेतल्या, त्या रास्तच होत्या. बोगोटातल्याच डॉक्टरांनी मग रीतसर तुलना करून १९९७ साली ती प्रसिद्ध केली. २०२१ साली घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया यांनी दाखवले की मूल स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मापासूनच असे ठेवले तर मृत्यू शेकडा १५.७ वरून १२ वर येतात. यासाठी नवजात मुलांच्या कक्षात आईलाही खाट द्यावी लागते. ही खाट कित्येक इस्पितळांना यंत्रापेक्षा जड जाते.

गडचिरोलीचे उदाहरण तर आपल्या घरचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. आधी मुख्यतः पाहायचे आणि लिहायचे, उपचार मागाहून. मूल तोलणे, उबेत ठेवणे, धोक्याची खूण ओळखणे, वेळ पडल्यास सुई देणे, हे सारे घरी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू शेजारच्या गावांपेक्षा शेकडा ६२ने कमी झाले. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत पूर्वी शंभरातली ३३ जात. २००३ पर्यंत ती १० वर आली. ही मुले घरी जगवता येतील का, हा प्रश्न शहरातल्या इस्पितळाला सुचण्यासारखा नव्हता.

पुढे ही पद्धत देशाने उचलली, आणि २०११ साली आशा सेविकेला एका मुलामागे सहा-सात भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. सगळ्या नोंदींचा कणा असलेल्या बाईला स्वयंसेविका म्हणायचे, म्हणजे मजुरीचा प्रश्नच उरत नाही, ही युक्ती मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे.

संशोधनाला मदत म्हणजे रक्ताच्या नळ्या आणि वारेचे तुकडे विलायतेला पाठवून निबंधावर शेवटी एक नाव मिळवणे नव्हे. पैसा बाहेरचा असायला हरकत नाही. नागपूर-बेळगावच्या कामातही अमेरिकन सरकारचा होता. पण विषय कोणता, नोंद कशी आणि थांबायचे कधी, हे ठरवणारा माणूस तिथला हवा, आणि तीन वर्षांनी निधी आटला म्हणून कारकून घरी जाता कामा नये.

एक प्रश्न आमच्याकडचा. जड उचलणे, लांब वेळ उभे राहणे, रात्रपाळी यांचा मुदतीआधीच्या प्रसूतीशी थोडाफार संबंध दिसतो, असे बरेच अभ्यास सांगतात. पण त्यांतले बहुतेक श्रीमंत देशांतले. डोक्यावर उसाची मोळी घेऊन गाडीवर चढणारी बाई त्यांत कुठून येणार? तिच्यासाठी पाहणी करायची तर बीडची गरोदर बाई कोल्हापूरच्या फडात बाळंत झाली म्हणजे तिचे नाव कोणत्या वहीत लिहायचे, हे आधी ठरले पाहिजे. त्यासाठी दोन्हीकडच्या आशा सेविका आणि एखादा मुकादम एके ठिकाणी बसवावे लागतील, आणि त्यांचे गाडीभाडे व बुडालेला रोज अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत धरावा लागेल.