शून्य डॉलरचा हप्ता (लेखांक ५)

अमेरिकेतलं शैक्षणिक कर्ज आपल्याकडच्यासारखं हमीदार घेऊन, बँकेच्या मॅनेजरसमोर बसून काढावं लागत नाही. तिथं बहुतांश कर्ज थेट केंद्र सरकार देतं आणि फेडीच्या अटीही तेच ठरवतं. त्यातली एक अट चांगलीच उदार आहे. उत्पन्नाशी जोडलेल्या योजनेत कमाई नगण्य असेल तर महिन्याचा हप्ता शून्य डॉलर ठरू शकतो, आणि कर्ज नियमित धरलं जातं. आता असं कर्ज डोक्यावर असताना तुरुंगात गेलेल्या माणसाचं पाहा. केंद्रीय तुरुंगातल्या रोजच्या कामाला तासाला १२ ते ४० सेंट मिळतात. म्हणजे कैद्याइतका या सवलतीचा हक्कदार दुसरा कोण? पण हा शून्य आपोआप लागत नाही, अर्ज करावा लागतो. तो झाला नाही आणि २७० दिवस हप्ते चुकले, की कर्ज थकीत म्हणून नोंदलं जातं. एक पैसाही देणं लागत नसताना माणूस थकबाकीदार ठरतो. म्हणून माझ्या मते इथली मुख्य अडचण पैशांची नसून माहितीपर्यंत पोचण्याची आहे.

सरकारतर्फे कर्जाची वसुली पाहणाऱ्या कंपनीचा नंबर टोल-फ्री असतो, आणि अनेक तुरुंगांच्या फोनव्यवस्थेत नेमके टोल-फ्री नंबरच लागत नाहीत. केंद्रीय तुरुंगात एक कॉल साधारण १५ मिनिटांत आपोआप तुटतो. ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे ऐकण्यातच तेवढा वेळ कसा जातो, हे बाहेरच्यांनाही ठाऊक आहे. फरक इतकाच, की आतल्या माणसाला कंपनी उलटा फोन करू शकत नाही. ऑनलाइन जावं तर ओटीपी मोबाइलवर किंवा ईमेलवर येणार, आणि मोबाइल बाळगणं हाच तुरुंगात गुन्हा. घरच्यांनी विचारपूस करावी तर कर्जदाराच्या लेखी संमतीशिवाय कंपनी बोलत नाही. राहिली पत्रं. ती जुन्या पत्त्यावर जातात. तुरुंगाचा पत्ता कळवला तरी पाकिटावर कैदी क्रमांक नसेल तर परत फिरतात, आणि मधल्या काळात कैद्याची बदली दुसऱ्या तुरुंगात झालेली असते.

याचा फटका पुढे शिक्षणाला बसतो. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी कायद्यानं कैद्यांचं पेल अनुदान, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी शिक्षणमदत, बंद केलं होतं. १ जुलै २०२३ पासून ते पुन्हा सुरू झालं. मात्र ज्याचं सरकारी कर्ज थकीत आहे त्याला ते मिळत नाही. बंदी पूर्ण उठण्याआधीच्या प्रायोगिक टप्प्यातच हा अडसर दिसला होता; अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१९ च्या अहवालात तो नोंदवलाही. थकबाकीतून बाहेर पडण्यासाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाची सवलत आली, तिच्यासाठी साधं पत्र पाठवूनही चालत होतं. ती ऑक्टोबर २०२४ च्या सुरुवातीला संपली.

यावर एक आक्षेप हमखास येतो: कर्ज स्वतः काढलं, गुन्हाही स्वतः केला, मग सरकारनं आणखी लाड का करायचे? पण इथं नवी सवलत कुणी मागत नाही. कायद्यानं आधीच दिलेल्या हक्काचा फॉर्म हातात पडावा, एवढंच मागणं आहे. शिवाय रँड संस्थेच्या २०१३ च्या अभ्यासात, तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांची पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता इतरांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी आढळली. (असं शिक्षण घेणारा मुळातच सुधारू पाहणारा असतो, हा मुद्दा उरतोच, तो पूर्णपणे खोडता येत नाही.) दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. फोनवरून आणि इंटरनेटवरून फसवणूक होते, साक्षीदारांना धमक्या दिल्या जातात. निर्बंध उगाच नाहीत. पण म्हणूनच कागदाचा रस्ता धड हवा. तुरुंगात दाखल करताना आजार, औषधं, नातेवाईक यांची नोंद होतेच; तिथंच ‘शैक्षणिक कर्ज आहे का?’ असा एक रकाना घालून शून्य हप्त्याचा छापील अर्ज समुपदेशकामार्फत पुढे पाठवायला फोनही लागत नाही, इंटरनेटही नाही. घाई करण्याचं कारण २०२५ च्या कायद्यात आहे. १ जुलै २०२६ पासूनच्या नव्या योजनेत किमान हप्ता १० डॉलर ठेवला आहे. तासाला १२ सेंटच्या हिशेबानं तो भरायला ८३ तासांहून अधिक काम करावं लागेल. जुन्या कर्जदारांना शून्य हप्त्याची आधीची योजना निवडता येते, पण निवडण्यासाठी ती आहे हे आधी कळायला हवं.