घंटेच्या हाकेतील गाव : सोळाव्या शतकातील फिलिपिन्स

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया ह्यांनी मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला आणि १५९३ साली ते तेथूनच दुभाषी म्हणून जपानला गेले, हे आपणांस ठाऊक आहे. नागासाकीतील त्यांच्या रक्तसाक्ष्याचे स्मरण आपण दरवर्षी करतो. मात्र ज्या मनिलात त्यांच्या व्रतस्थ जीवनाची पहिली वर्षे गेली, तेथील समाज कसा होता, ह्याचा विचार आम्हीही फारसा केला नव्हता.

लेगास्पी ह्यांच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश मंडळी १५६५ साली सेबू बेटावर उतरली व १५७१ साली त्यांनी मनिला ताब्यात घेतले. त्या द्वीपसमूहात एकछत्री राज्य नव्हते. समाजाचा घटक होता ‘बारांगाय’. हा शब्द मूळचा नौकेचा. साधारण तीस ते शंभर कुटुंबांची ही वस्ती असे व तिचा प्रमुख ‘दातू’. त्याखालोखाल स्वतंत्र लोक आणि सर्वांत खाली ‘अलिपिन’. ह्या अलिपिनांना सरसकट गुलाम म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांतील काही जण स्वतःच्या घरात राहून धन्याला श्रम व पिकाचा वाटा देत, तर काही धन्याच्याच घरी राबत. कित्येकांवर ही पाळी कर्जामुळे येई. हे सारे आज समजते, ते मुख्यतः फादर हुआन दे प्लासेन्सिया ह्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी १५८९ साली लिहून ठेवलेल्या वृत्तान्तामुळे.

नव्या सत्तेने बारांगाय मोडला नाही, त्याला कामाला जुंपले. दातू आता करवसुली करणारा ‘काबेसा’ झाला. कर प्रथम आठ रेआल होता, तो पुढे दहा झाला. शिवाय पुरुषांना वर्षाकाठी चाळीस दिवस वेठीची कामे करावी लागत. प्रमुखांना मात्र सूट. रस्ते, जहाजे व चर्चेसही ह्याच घामातून उभी राहिली, हे मान्य केलेच पाहिजे.

डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या वस्त्या एकत्र आणून चर्चभोवती गाव वसवण्याचे धोरण होते. ‘घंटेच्या छायेत’ राहणे असा त्यासाठी वाक्प्रचारच होता. घंटा ऐकू येईल इतक्या अंतरात धर्मशिक्षण सोपे झाले, तशी करवसुलीही! अनेक जण शेत सोडून यायला तयार नव्हते. काही पुन्हा डोंगरात निघून गेले.

धर्मशिक्षणासाठी मिशनऱ्यांनी स्थानिक भाषा शिकून घेतल्या. १५९३ साली मनिलात छापलेल्या ‘दोक्त्रिना क्रिस्तियाना’ ह्या पुस्तकात तागालोग मजकूर रोमन लिपीबरोबरच त्या लोकांच्या बायबायिन लिपीतही आहे. फादर स्टीफन्स ह्यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीतच छापावे लागले, हे येथे आठवते.

खरा संघर्ष पेटला तो पैशावरून. राजाने स्पॅनिश सरदारांना ठरावीक प्रदेशातील कर घेण्याचा हक्क दिला होता. मोबदल्यात त्यांनी रयतेचे रक्षण करावे व धर्मशिक्षणाची सोय लावावी, अशी अट होती. पुष्कळांनी कर तेवढा घेतला. मनिलाचे पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार, डोमिनिकन संघाचे, १५८१ साली तेथे पोहोचले. स्पॅनिश लोकांनी बाळगलेल्या स्थानिक गुलामांना मुक्त करावे, हा राजाचा आदेश पाळलाच पाहिजे, असा आग्रह त्यांनी त्याच वर्षी धरला. १५८२ साली त्यांनी मनिलाची धर्मसभा भरवली. अन्यायाने घेतलेले परत केल्यावाचून पापक्षमा मिळणार नाही, अशी तिची भूमिका होती. जेथे धर्मशिक्षणच दिले जात नाही, तेथे कर कोणत्या हक्काने घेता, हा बिशपांचा प्रश्न सरदारांना झोंबला. गव्हर्नरांशीही त्यांचा वाद विकोपाला गेला. अखेर १५९१ साली राजापुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी बिशप स्पेनला निघाले.

हा वाद मनिलात गाजत होता, तेव्हा गोन्सालो तेथेच ब्रदर म्हणून सेवा करीत होते. बिशप सालाझार मात्र मनिलाला परतले नाहीत. १५९४ साली माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.