समेची वाट

घरात दुःखाचा प्रसंग घडला, की आपण प्रथम रेडिओ बंद करतो. गाणे म्हणजे करमणूक, आणि शोकात करमणूक कसली, अशी आपली समजूत. ती कितपत खरी, हे आपण पाहू.

तीनतालाच्या सोळा मात्रा चालू असतात. गवई तान घेऊन समेकडे निघतो आणि सम येण्यापूर्वीच आपली मान सरसावते. आनंद समेचा, तसाच तिच्या प्रतीक्षेचाही. 2011 साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांना मेंदूत हेच दिसले. आवडत्या संगीताने रोमांच उभे राहतात तेव्हा डोपामीन हे द्रव्य स्रवते. पण त्या क्षणाआधी, नुसत्या अपेक्षेनेही, मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवते.

मग करुण स्वरांनी डोळे भरूनही बरे का वाटते? नाट्यशास्त्रात शोक हा भाव आणि करुण हा रस, हे वेगळे मानले आहेत. शोक माणसाला एकटे पाडतो. रस चारचौघांत अनुभवता येतो, असे आम्हांस वाटते.

गाणे गेलेले माणूस परत आणीत नाही. पण ज्याचा काळ थांबला आहे, त्याला ते पुढल्या समेची वाट पाहावयास लावते. म्हणून शोकाकुल माणसाला, ‘रेडिओ लावू का?’ एवढे विचारावे. उत्तर त्याच्यावर सोपवावे.