एकच ग्राही, दोन औषधे

‘सध्या कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न डॉक्टर पुन्हा पुन्हा का विचारतात, असे रुग्णांचे नातेवाईक कित्येकदा म्हणतात. त्यामागील शास्त्र आपले देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर थोडक्यात मांडावे, असे आम्हांस वाटले.

पेशींच्या आवरणावर ‘रिसेप्टर’, अर्थात ग्राही, या नावाची प्रथिने असतात. रक्तातून आलेला संदेश ती बाहेरून स्वीकारून पेशीच्या आत पोहोचवितात. असे ग्राही खरोखरच असतात की ती केवळ सोयीची कल्पना आहे, याविषयी १९७० च्या सुमारासही अनेक शास्त्रज्ञ साशंक होते. अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट लेफ्कोविट्झ हे मूळचे हृदयरोगतज्ज्ञ. पुढे ते जीवरसायनशास्त्राकडे वळले. संप्रेरकास किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावून ते पेशीवर कोठे चिकटते, याचा माग त्यांनी काढला. १९८६ मध्ये ड्यूक विद्यापीठातील त्यांच्या गटास ‘बीटा-२’ या ग्राहीचे जनुक हाती लागले आणि डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनाशी त्याचे नाते असल्याचे उघड झाले. आज वापरात असलेली सुमारे एकतृतीयांश औषधे याच कुळातील ग्राहींवर कार्य करतात. डॉ. लेफ्कोविट्झ आणि त्यांचे एकेकाळचे सहकारी डॉ. ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दम्याच्या रुग्णाकडे वळू. त्याच्या पंपातील सॅल्ब्युटामॉल श्वासनलिकेतील बीटा-२ ग्राहीस चेतविते व नलिका सैल होते. उलट, सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेले प्रोप्रॅनोलॉल हृदयातील बीटा-१ ग्राही अडवून ठोके मंदावते. मात्र ते बीटा-२ लाही सोडत नाही. हे औषध अर्धशिशीसाठी आणि हातांच्या कंपासाठीही देतात. म्हणजे डोकेदुखीवर एकाने दिलेली गोळी दुसऱ्याने दिलेल्या पंपाची जागा अडवून बसते. श्वासनलिका आवळते आणि ऐन झटक्यात पंपाचा गुण पुरेसा येत नाही. दोन्ही औषधे आपापल्या जागी उत्तमच!

काचबिंदूसाठी दिले जाणारे टिमोलॉलचे थेंब याच जातीचे. डोळ्यात घातलेला थेंब अश्रूंच्या वाटेने नाकात उतरतो व तेथून रक्तात मिसळतो. एवढासा थेंबही दमेकऱ्यास त्रासदायक ठरू शकतो. थेंबांना औषधांत कोणी सहसा मोजत नाही, हीच खरी अडचण आहे. यास्तव तपासणीस येताना गोळ्यांबरोबर थेंब, मलमे, पंप व काढेही आणावेत, अशी आमची विनंती आहे.

मात्र हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. ग्राही दीर्घकाळ अडविले गेले की पेशी त्यांची संख्या वाढविते. अशा वेळी औषध एकाएकी थांबले, तर नेहमीचेच अ‍ॅड्रेनालिन हृदयावर अधिक जोराने आघात करते आणि हृदयविकाराच्या रुग्णास छातीत कळ येऊ शकते. म्हणून डॉक्टर अशा औषधाची मात्रा सहसा काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवितात.