तळ्याकाठचा कॅमेरा

इंदूरकरांच्या पदरी दोन तळी आहेत. शहराच्या पश्चिमेस सिरपूर, आणि त्यापलीकडे गंभीर नदी अडवून केलेला यशवंतसागर. सिरपूरचा तलाव विसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या राजवटीत झाला आणि यशवंतसागर त्यानंतर काही दशकांनी. दोन्ही माणसांनी बांधली, पण पुढे पाखरांनी ती आपलीशी केली. थंडीच्या दिवसांत तेथे उत्तरेकडून तलवार बदके, थापटे आणि लालसरी उतरतात. चमचे, पाणकावळे, वारकरी आणि जांभळ्या पाणकोंबड्या ही नेहमीची मंडळी असतातच. यशवंतसागराच्या परिसरात सारसांच्या जोड्या आहेत, आणि मध्य भारतात सारसाचे जे थोडे भक्कम आश्रय उरले आहेत त्यांत या तळ्याची गणना होते. २०२२ साली दोन्ही तळ्यांना रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा मान मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये इंदूर व उदयपूर या दोन शहरांस ‘पाणथळ नगर’ म्हणून मान्यता मिळाली. असा मान मिळविणारी भारतातील ही पहिली दोन शहरे होत.

साहजिकच रविवारी पहाटे गळ्यात कॅमेरा अडकवून तळ्याची वाट धरणाऱ्यांची संख्या वाढली आहे. आपल्या जुन्या घरांतील तरुण मुले-मुलीही त्यांत आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु यांपैकी अनेकांचे महागडे कॅमेरे दोन-तीन पावसाळ्यांतच रुसून बसतात. भिंगावर जाळे धरते, कळी दाबली तरी दाद मिळत नाही. मग घरातील वडील मंडळी म्हणतात, “कशाला नेलेस तळ्यावर?” प्रश्न नेण्याचा नाही, जपण्याचा आहे. आणि जपण्याचे शास्त्र फारसे अवघड नाही.

गंमत अशी की, एके काळी पाण्यावाचून छायाचित्र निघतच नसे. लाला दीनदयाळ हे १८६६ साली इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास त्यांनी हौस म्हणून कॅमेरा हाती घेतला आणि होळकर महाराजांच्या आश्रयाने ही कला वाढविली. पुढे १८८५ मध्ये ते हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा दीनदयाळ’ या नावाने देशभर ओळखले गेले. त्यांनी आरंभ केला त्या काळी ‘ओल्या काचेची’ रीत प्रचारात होती. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव पसरावयाचा, ती काच रौप्य क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वीच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवावयाची. काच वाळली की चित्र गेले. आपल्याकडील उन्हाळ्यात तर हा अवधी फारच थोडा मिळे. त्यामुळे स्वच्छ पाणी जवळ असणे ही छायाचित्रकाराची मोठीच सोय होती.

आज काळ उलटला आहे. कॅमेऱ्यात आता विजेची सूक्ष्म मंडले आहेत, आणि त्यांचे पाण्याशी हाडवैर. तथापि पाणी एकाच रूपाने येत नाही. ते थेंबाने येते, वाफेने येते आणि चिखलानेही येते. या तिन्ही वाटा ओळखल्या म्हणजे निम्मे काम झाले.

थेंबाची वाट सर्वांना दिसते, म्हणूनच ती सर्वांत कमी धोक्याची. भिंगापुढे जे टोपण-नळकांडे बसवितात, ज्याला ‘हूड’ म्हणतात, ते उन्हाप्रमाणे पावसाचे तिरपे थेंबही अडविते. एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी घ्यावी, तिच्या तळाशी भोक पाडून ते हुडाभोवती रबराने घट्ट बसवावे आणि मागील उघड्या बाजूने हात घालावा. काही रुपयांत कॅमेऱ्याचा रेनकोट तयार होतो. पुष्कळ नव्या कॅमेऱ्यांवर ‘तुषारांपासून संरक्षित’ अशा अर्थाचे शब्द असतात. त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. तुषारांस दाद न देणे वेगळे आणि पाण्यात बुडून टिकणे वेगळे. शिवाय पाण्याने झालेले नुकसान हमीपत्रात बहुधा धरलेले नसते.

खरा चोर म्हणजे वाफ. थंड पाण्याने भरलेला तांब्या पावसाळी हवेत ठेवला तर त्याच्या अंगावर बाहेरून दव धरते, हे आपण लहानपणापासून पाहतो. ते पाणी तांब्यातून झिरपलेले नसते. भोवतालच्या हवेतील ओलावा थंड धातूवर जमून त्याचे पाणी होते. कॅमेऱ्याचे नेमके असेच होते. वातानुकूलित मोटारीत तासभर गारठलेला कॅमेरा श्रावणातल्या दमट हवेत एकदम बाहेर काढला की भिंग आंधळे होते. ओलावा आत शिरला तर तेथेही दव धरते आणि तेथे रुमाल पोचत नाही. हिवाळ्यात हाच प्रकार उलट बाजूने घडतो. पहाटेच्या कडाक्यात तीन तास तळ्यावर थंड झालेला कॅमेरा घरी आणून स्वयंपाकघरात, चहाच्या आधणाशेजारी उघडला म्हणजे तोच तांब्या झाला.

उपाय साधा आहे. हवा बदलण्यापूर्वी कॅमेरा घट्ट तोंडाच्या पिशवीत बंद करावा आणि नव्या जागी अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्यावा. दव धरेल ते पिशवीच्या बाहेरच्या अंगावर. कॅमेरा भोवतालच्या हवेइतका उबदार झाला की मग पिशवी उघडावी. चित्रे पाहण्याची घाई असेल तर पिशवीत ठेवण्यापूर्वी त्यांचे कार्ड तळ्यावरच काढून खिशात ठेवावे, म्हणजे घरच्यांचीही समजूत निघते.

वाफेचे दुसरे अपत्य म्हणजे बुरशी. हवेतील आर्द्रता शेकडा ६०-६५ च्या वर बराच काळ राहिली की भिंगावर बुरशीचे बीज रुजू लागते. धूळ आणि बोटांच्या ठशांतील तेलकटपणा हे तिचे खाद्य. ती जे आम्ल सोडते त्याने भिंगावरील पातळ लेपच नव्हे, काचसुद्धा कोरली जाते, आणि मग ती खूण पुसून जात नाही. आपल्या घरांतून कॅमेरा कातडी पेटीत घालून, वर लोकरी कापड गुंडाळून, कपड्यांच्या कपाटात अगदी आत ठेवण्याची पद्धत असे. त्यामागे प्रेम होते, पण कातडे आणि लोकर दोन्ही ओल धरतात आणि बुरशीला आवडणारा अंधारही तेथे आयताच मिळतो. त्यापेक्षा रबरी कडा असलेला हवाबंद डबा घ्यावा आणि त्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. नारिंगी रंगाचे दाणे ओल शोषून हिरवे झाले की सुमारे १२० अंश सेल्सियसच्या भट्टीत दोन तास तापवावेत. ते पुन्हा नारिंगी होऊन कामास येतात. डब्यात एक लहान आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राखावा. फार कोरडेही बरे नव्हे. त्याने रबर व वंगण आटते. आणि सर्वांत मोठे औषध म्हणजे वापर. ज्या कॅमेऱ्याला आठवड्यातून एकदा उजेड आणि वारा मिळतो त्याला बुरशी सहसा धरत नाही.

जाता जाता हेही सांगावयास हवे की आजोबांच्या वेळच्या फिल्मा आणि निगेटिव्हज् यांनाही हाच नियम लागू आहे. त्यांवरील जिलेटिनचा थर हे बुरशीचे आवडते अन्न. मुंजी-लग्नांचे, राजवाड्यासमोरच्या दसऱ्याचे कितीतरी चित्रठेवे याच कारणाने जातात. नव्या कॅमेऱ्यासाठी डबा आणाल तेव्हा जुन्या निगेटिव्हज् साठीही एक आणावा.

तिसरी वाट चिखलाची. सिरपूरचा काठ उथळ आहे. पाणी ओसरले की मऊ गाळ उघडा पडतो आणि तेथेच पाणथळ पक्षी चरतात. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून चित्र घ्यावयाचे तर जमिनीवर पालथे पडावे लागते. अशा वेळी उंच तिपाईपेक्षा कापडी उशी बरी. घरच्या जुन्या खादीची पिशवी शिवून तीत ज्वारी किंवा मूग भरावेत आणि खाली मेणकापडाचा तुकडा अंथरावा. भिंग तीवर स्थिर बसते आणि ओलीपासून दोन बोटे वर राहते. तिपाई पाण्यात उभी करावीच लागली तर घरी आल्यावर तिचे पाय सुटे करून स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि पूर्ण वाळल्यावरच मिटावेत. सांध्यात अडकलेली रेती पुढे कुरकुरू लागते. भिंग बदलताना वाऱ्याकडे पाठ करावी, कॅमेऱ्याचे उघडे तोंड खाली धरावे, आणि भिंग पुसण्यापूर्वी रबरी फुंकणीने रेतीचा कण उडवावा. कण तसाच ठेवून रुमाल फिरविणे म्हणजे काचेवर पॉलिश कागद घासणे. आणखी एक बारकावा आहे. तळ्यावर डास असतात आणि आपण हातापायांना औषध चोळून जातो. अशा पुष्कळ औषधांत ‘डीट’ नावाचे द्रव्य असते, ते प्लॅस्टिक आणि रबर विरघळविते. म्हणून मलम लावल्यावर तळहात धुऊन मगच कॅमेरा धरावा.

सुट्टीत गोव्याकडे किंवा कोकणातल्या नातलगांकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की समुद्राचे पाणी तळ्याच्या पाण्याहून कितीतरी दुष्ट. ते वाळले तरी मीठ मागे राहते, आणि मीठ हवेतील ओल पुन्हा पुन्हा ओढून धातू खात राहते. किनाऱ्यावरून आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा बाहेरून पुसावा, मग कोरड्याने.

इतके करूनही कॅमेरा पाण्यात पडला तर? पहिली गोष्ट, तो चालू आहे का हे पाहण्यासाठी कळ दाबू नये. पुष्कळसे कॅमेरे पाण्याने जात नाहीत, ओले असताना विजेचा प्रवाह सोडल्याने जातात. आधी विजेरी काढावी, कार्ड काढावे, भिंग वेगळे करावे, पाणी निथळू द्यावे. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा मारू नये. तिने ओल अधिक आत जाते. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा सल्ला घरोघरी मिळतो, पण त्याने विशेष काही साधत नाही. उलट तांदळाचे पीठ फटींतून आत शिरते. सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवून लवकरात लवकर जाणत्या कारागिराकडे न्यावा.

आता या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट. ज्या महिन्यांत कॅमेऱ्याला पाण्याचे भय अधिक, त्याच महिन्यांत तळ्यावरच्या पाखरांना माणसाचे भय अधिक. पाऊस पडून शेते आणि दलदली भरल्या की सारसाची जोडी उथळ पाण्यात काड्या-गवताचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घालते. कमळपक्षी तर तरंगत्या पानांवरच घरटे मांडतो, आणि तेथे अंडी उबविण्याचे काम नराकडे असते. कोणी गुडघाभर पाण्यात उतरून जवळचे चित्र घ्यावयास गेला तर कॅमेरा धोक्यात येतो हे खरेच, पण त्याआधी घरटे धोक्यात येते. पक्षी उठला की उघड्या अंड्यांवर कावळ्याची नजर असते आणि पाण्याने थंडही होते. म्हणून पावसाळ्यात काठावरून, आडोशास बसून, लांब पल्ल्याच्या भिंगानेच चित्र घ्यावे, आणि घरट्याच्या वाटेस जाऊच नये. येथे कॅमेरा जपण्याचा नियम आणि तळे जपण्याचा नियम एकच आहे: पाण्यापासून चार पावले मागे.

मागे राहून घेतलेली चित्रे कमी मोलाची नसतात. आपल्याच शहरातील चित्रकार-छायाचित्रकार भालू मोंढे यांचे उदाहरण समोर आहे. सिरपूरवर घाण आणि अतिक्रमण यांचे सावट होते तेव्हा त्यांनी व त्यांच्या ‘दि नेचर व्हॉलंटियर्स’ या संस्थेतील सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे त्या तळ्यासाठी खटपट केली. २०१६ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. तळ्यावर कोणता पक्षी कोणत्या महिन्यात होता याचा छायाचित्राइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. शब्दांवर वाद घालता येतो, तारीख असलेल्या चित्रावर घालता येत नाही. आज तुमच्या मुलाने काढलेले साध्या पाणडुबीचे चित्रही वीस वर्षांनी कोणाच्या तरी उपयोगी पडेल. अट एकच, ते तोवर टिकले पाहिजे, तारखेसह जपलेले असले पाहिजे.

तेव्हा येत्या रविवारी मुले तळ्यावर निघाली तर त्यांना अडवू नका. बरोबर एक घट्ट तोंडाची पिशवी द्या, ज्वारीची उशी द्या, आणि घरी आल्यावर चहा होईपर्यंत पिशवी उघडू नका असे बजावा. दिवाळीपूर्वी एकदा कपाटाच्या तळाशी असलेली ती जुनी कातडी पेटीही उघडून उन्हाला दाखवा. आत काय आहे ते बुरशीआधी आपण पाहिलेले बरे.