जोत्याखालचा खर्च

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घर बांधायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'चौरस फुटाला काय दर पडेल?' महाड-पोलादपूरकडचा चाकरमानी मुंबईत आयुष्यभर नोकरी करतो, निवृत्तीच्या वेळी प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम हाती येते आणि गावच्या कंत्राटदाराला फोनवरूनच हा प्रश्न विचारला जातो. तो एक आकडा सांगतो, त्याला क्षेत्रफळाने गुणले की अंदाजपत्रक तयार! सपाट, कोरड्या जमिनीवर हे गणित बरेचसे जमते. आपल्या या दोन तालुक्यांत मात्र घराचा मोठा खर्च जोत्याच्या खाली, घराच्या मागे आणि छपराच्या वर असतो, आणि दर सांगताना तो सहसा कोणी धरत नाही.

आधी त्या दराचेच पाहू. समजा, घर २० बाय ४० फुटांचे, म्हणजे ८०० चौरस फुटांचे आहे आणि केवळ हिशेबासाठी दर १,८०० रुपये धरला. १४ लाख ४० हजार झाले. पण कंत्राटदार पुष्कळदा स्लॅब मोजतो. आपल्याकडच्या पावसात भिंती भिजू नयेत म्हणून स्लॅब चारही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर काढला, तर तो २४ बाय ४४, म्हणजे १,०५६ चौरस फूट होतो. त्याच दराने रक्कम १९ लाखांवर जाते. साडेचार लाखांहून अधिक फरक नुसत्या मोजणीचा! यात लबाडी असतेच असे नाही. काय मोजायचे ते आधी बोललेले नसते, एवढेच. म्हणून दर विचारण्यापूर्वी मोजमाप कशाचे, आणि दर सामानासकट की फक्त मजुरीचा, हे कागदावर लिहून घ्यावे.

आता जोत्याखाली उतरू. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेल्या महाड शहराला पूर नवा नाही, पण २२ जुलै २०२१ च्या पुराने तळमजलेच्या तळमजले बुडवले. तेव्हापासून जोते उंच घ्यायचा विचार जो तो करतो. त्याचा हिशेब असा : आपले ८०० फुटांचे जोते दोन फुटांऐवजी पाच फूट घेतले, तर आतला भराव २,४०० घनफुटांनी वाढतो. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २४ ब्रास मुरूम. तो धुम्मस करताना दबतो, म्हणून प्रत्यक्षात ३० ब्रासच्या आसपास मागवावा लागतो. बाहेरच्या १२० फूट घेराची दीड फूट जाडीची दगडी भिंत तीन फुटांनी वाढली, तर आणखी सुमारे साडेपाच ब्रास बांधकाम. शिवाय आतल्या भिंतींचे वेगळे. हा भराव एकदम ओतून चालत नाही. सहा ते नऊ इंचांचे थर देऊन, पाणी मारून ठोकावा लागतो. नाहीतर दोन पावसाळ्यांत फरशी खचते.

आणि माझे स्पष्ट मत असे, की २०२१ सारख्या पुराला पाच फुटांचे जोते हे उत्तरच नव्हे. तिथे खांबांवर घर घ्यावे, किंवा निदान वर एक खोली, आतून जिना आणि विजेचा मीटर व बोर्ड उंचावर, एवढे तरी अंदाजपत्रकात हवे. त्याआधी निळी आणि लाल पूररेषा आपल्या जागेवरून कशी जाते, ते नगरपरिषदेत नकाशावर पाहून घ्यावे. निळ्या रेषेच्या आतल्या जागेवर नवे घर बांधायचे ठरवून कोणताही हिशेब करण्यात अर्थ नाही.

पोलादपूरकडे आणि महाडच्या डोंगराळ गावांत पाण्याऐवजी डोंगर आडवा येतो. उतार कापून सपाटी केली की मागे मातीची उभी कड उघडी पडते. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २०२१ च्या जुलैत तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडीवर तोच घाला आला. वरचा अख्खा डोंगर सुटला तर आपली भिंत त्याला अडवू शकत नाही. म्हणून दरडप्रवण गावांच्या यादीत आपली वाडी आहे का, हे तहसील कार्यालयात विचारणे हा अंदाजपत्रकाचा पहिला कागद समजावा.

जागा सुरक्षित असली तरी आपण कापलेली कड सांभाळावीच लागते. चाळीस फूट लांब, आठ फूट उंच, वर दोन आणि तळाला चार फूट रुंद अशी भिंत म्हणजे पायाखेरीज ९६० घनफूट, साडेनऊ ब्रासांहून अधिक दगडकाम. मागे मुरलेले पाणी बाहेर पडायला भिंतीत पाइप आणि वरच्या अंगाला गटार हवेच. पाण्याचा दाब वाढला की भिंत पोटाशी फुगते. सपाटी करताना निघालेला चांगला दगड मात्र विकू नये, इथेच वापरावा. रायगडावरसुद्धा तलाव खोदताना निघालेला दगड बांधकामाला वापरला, असे सांगतात.

दुसरी गोष्ट वाहतुकीची. मुख्य सामानाचा ढोबळ हिशेब चौरस फुटाला ०.४ पोती सिमेंट, सुमारे चार किलो सळई, १.८ घनफूट वाळू आणि १.३५ घनफूट खडी असा करतात. ८०० फुटांना ३२० पोती, सव्वातीन टन सळई, चौदा-साडेचौदा ब्रास वाळू आणि अकरा ब्रास खडी. वजन सव्वाशे टनांच्या वर जाते. चिरे, विटा यात धरलेल्या नाहीत. वाडीपर्यंत ट्रक जात नसेल, तर हे सगळे रस्त्यावर उतरवून ट्रॅक्टरने किंवा डोक्यावरून न्यायचे आहे. दुकानातल्या भावात हा खर्च नसतो. वाळू खाडीची असेल तर ती गोड्या पाण्याने नीट धुतलेली हवी; खारटपणा राहिला की सळई गंजते. रॉयल्टीची पावती मागायलाही संकोच करू नये.

छपराचे थोडक्यात सांगतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे उघडा स्लॅब झिरपतोच. आज ना उद्या वर पत्र्याची शेड येणारच, तर लोखंडी पाइप आणि पत्रे पहिल्याच अंदाजात धरावेत.

भाव बदलत असतात, म्हणून प्रत्येक दरासमोर तारीख घालावी. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचे अंदाजपत्रक घेऊन बसलेल्याने ते पुन्हा करावे. कर्ज काढले असेल, तर बँक हप्ता कामाच्या टप्प्याप्रमाणे देते. भराव आणि संरक्षक भिंत अंदाजात नसेल, तर पहिला हप्ता जमिनीखालीच संपतो आणि घर खिडकीच्या उंचीवर अडून राहते. अशी अर्धवट घरे गावोगाव दिसतात.

शेवटी पाण्याचे. पाऊस संपल्यावर दसऱ्याला पाया घेतला, तरी काम रेंगाळत एप्रिलवर जाते आणि नेमक्या तेव्हाच वाड्यांतल्या विहिरी तळ गाठतात. स्लॅबला किमान सात दिवस, शक्यतो दोन आठवडे पाणी द्यावे लागते. ते टँकरने आणायचे तर त्याचे पैसे लिहून ठेवावेत, नाहीतर स्लॅब फेब्रुवारीच्या आत, विहिरीला पाणी असताना टाकावा.